भ्रमाचा भोपळा : जुन्या अमेरिकन पिकअपचा पुढचा ॲक्सल कसा ओळखायचा

अमेरिकेत १९७७ सालचा शेव्हरोले फोर बाय फोर पिकअप बाळगणारा माणूस पुढच्या ॲक्सलचं सील घ्यायला सुट्या भागांच्या दुकानात जातो. गाडीचं नाव सांगतो, मॉडेल सांगतो, साल सांगतो. काउंटरपलीकडून प्रश्न येतो, "पुढे काय आहे? टेन-बोल्ट की फॉर्टी-फोर?" वीस वर्षं ती गाडी चालवणारा माणूसही इथे गप्प होतो.

तो गप्प होतो यात त्याचा दोष नाही. त्या साली शेव्हरोलेच्या कारखान्यातून दोन्ही प्रकारचे, म्हणजे कंपनीचा स्वतःचा 'टेन-बोल्ट' किंवा डेना कंपनीचा ४४ क्रमांकाचा, ॲक्सल बसवलेल्या गाड्या बाहेर पडत होत्या. शिवाय या गाड्या आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. कुणी शेतावर राबली, कुणी पुढे लोखंडी फाळ लावून हिवाळाभर बर्फ ढकलला, कुणाला तरुण पोरांनी उंच करून चिखलात घातलं. एवढ्या आयुष्यात पुढचा ॲक्सल एकदा तरी बदललेला असणं यात नवल नाही. भंगारातून जो मिळाला तो बसवला, नवा रंग मारला, गाडी विकली. कागदावर मात्र कारखान्यातून आलेली गाडीच राहते. म्हणून कागद बाजूला ठेवून गाडीखाली आडवं व्हायचं आणि लोखंड वाचायचं, हाच खरा मार्ग. हे वाचन वाटतं तितकं अवघड नाही. फक्त कुठल्या खुणेवर किती विश्वास ठेवायचा, ते कळलं पाहिजे.

आधी या यंत्राचं काम समजून घेऊ. बैलगाडीचा आख जागचा हलत नाही. चाकं त्याच्यावर फिरतात. मोटारीच्या मागच्या ॲक्सलला चाकं फिरवावीही लागतात. आणि फोर बाय फोरच्या पुढच्या ॲक्सलला तर दुहेरी ताप: चाकं फिरवायची आणि त्याच वेळी वळवायचीही. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येते, तिथून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट निघतो आणि ॲक्सलच्या फुगीर भागात शिरतो. आत पिनियन नावाचा छोटा गिअर क्राऊन व्हील नावाच्या मोठ्या गिअरला फिरवतो. क्राऊनला जोडलेलं डिफरन्शियल डाव्या-उजव्या शाफ्टना फिरवतं. शाफ्ट लोखंडी नळ्यांमधून चाकांपर्यंत जातात, आणि चाकापाशी युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्या गॅरेजमधला 'क्रॉस', त्यांना वाकूनही फिरता येईल अशी सोय करतो. चाक वळवणारा जो ओतीव तुकडा असतो तो नकल.

त्या फुगीर भागाला अमेरिकन मेकॅनिक 'पम्पकिन', म्हणजे भोपळाच म्हणतात. आपल्यालाही हा शब्द सोयीचा आहे, कारण ॲक्सल ओळखण्याची सुरुवात भोपळ्यापासून होते आणि भ्रमाचा भोपळा फुटतो तोही इथेच.

डेना हे नाव सगळीकडे का दिसतं

फोर्ड, शेव्हरोले, डॉज, जीप एकमेकांशी बाजारात भांडत होत्या, पण त्यांच्या जुन्या फोर बाय फोरचे पुढचे ॲक्सल बहुतांशी एकाच घरातून यायचे. क्लॅरन्स स्पायसर यांनी कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मोटारीच्या चेनऐवजी शाफ्ट वापरता यावा म्हणून झाकलेला युनिव्हर्सल जॉइंट विकसित केला आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला तो बनवायला सुरुवात केली. पुढे १९१४ मध्ये चार्ल्स डेना या वकिलाने त्या कंपनीत पैसा घातला, आणि १९४६ मध्ये कंपनीचं नावच डेना कॉर्पोरेशन झालं. म्हणून एकाच मालाला कुणी स्पायसर म्हणतं, कुणी डेना.

आपल्याकडच्या जुन्या जीपवाल्यांना 'स्पायसर' हा शब्द परका नाही. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या पुढे स्पायसरचा २५ क्रमांकाचा ॲक्सल होता. ज्याने आयुष्यात एकदा तरी जुन्या जीपचा पुढचा हब खोलला आहे, त्याला अमेरिकन पिकअपखाली गेल्यावर फार अनोळखी वाटणार नाही. तेच घराणं, फक्त हाडापेराने मोठं.

डेनाचे आकडे मात्र फसवे आहेत. २५, ३०, ४४, ५०, ६० हे इंच नाहीत, वजनाचे आकडेही नाहीत. ती मालिकेची नावं आहेत. ढोबळमानाने आकडा वाढला की ॲक्सल दणकट होतो, एवढंच. खरं माप क्राऊन व्हीलच्या व्यासात असतं. डेना ३० चं क्राऊन साधारण ७.१ इंचांचं, ४४ चं ८.५ इंचांचं, ५० चं ९ इंचांचं आणि ६० चं ९.७५ इंचांचं. हलक्या जीपला ३०, अर्ध्या आणि पाऊण टनाच्या पिकअपला ४४, एक टनाच्या गाडीला ६०, असा सर्वसाधारण हिशेब. हे अर्धा टन, पाऊण टन म्हणजेही जुनी नावं. फोर्डची एफ-१५० किंवा शेव्हरोलेची के-१० ही अर्ध्या टनाची, एफ-२५० किंवा के-२० पाऊण टनाची, एफ-३५० किंवा के-३० एक टनाची. प्रत्यक्षात या गाड्या त्याहून बरंच जास्त ओझं वाहतात.

दहा बोल्टांची गंमत

शेव्हरोले आणि जीएमसी या दोन्ही नावांची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९७७ च्या आसपास ठरवलं की डेनाकडून विकत घेण्यापेक्षा हलक्या गाड्यांचा पुढचा ॲक्सल आपणच बनवावा. त्याच्या भोपळ्याच्या झाकणाला दहा बोल्ट असतात, म्हणून त्याचं नाव 'टेन-बोल्ट' पडलं. तो शेव्हरोले आणि जीएमसीच्या पिकअपना १९८७ पर्यंत, आणि ब्लेझर-सबर्बन या बंद टपाच्या गाड्यांना १९९१ पर्यंत बसत राहिला.

आता नवशिका माणूस काय करतो? गाडीखाली जातो, बोल्ट मोजतो, दहा भरतात, आणि 'टेन-बोल्ट आहे' असं सांगून मोकळा होतो. पण डेना ३० च्या झाकणाला दहाच बोल्ट असतात. डेना ४४ लाही दहा. डेना ६० लाही दहाच. म्हणजे ज्या खुणेवरून ॲक्सलचं नाव पडलं, तीच खूण त्याला ओळखायला निरुपयोगी. बोल्ट मोजणं हे ॲक्सल ओळखण्यातलं सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फोल काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजू नका, आकार पाहा. जनरल मोटर्सच्या टेन-बोल्टचं झाकण कडेने जवळजवळ गोल असतं, चपातीसारखं. फक्त क्राऊन व्हीलला जागा मिळावी म्हणून एका बाजूला फुगवटा. डेना ४४ चं झाकण गोल नाही. त्याची कड सरळ तुकड्यांची असते, वेडावाकडा षटकोन म्हणा. बोल्टही त्या कोनांना धरून बसलेले दिसतात. डेना ६० ची कड त्याच जातीची, पण सगळंच मोठं आणि जाड. दोन्ही शेजारी ठेवले तर लहान मूलही सांगेल. अडचण एवढीच, की गाडीखाली एकच असतो आणि तुलनेला दुसरा नसतो.

अशा वेळी कापड शिवायची मऊ टेप कामी येते. भोपळ्यापासून चाकाकडे जाणाऱ्या लोखंडी नळीभोवती ती गुंडाळा. डेना ४४ ची नळी साधारण पावणेतीन इंच व्यासाची असते, म्हणजे परीघ २२ सेंटिमीटरच्या आसपास. डेना ६० ची सव्वातीन इंचांना जराशी कमी, ३.१२५ इंच; परीघ २५ सेंटिमीटर. गंज, चिखल आणि रंगाचे थर आधी खरवडून काढा, नाहीतर ४४ चा ६० व्हायला वेळ लागत नाही. तीन सेंटिमीटरचा फरक डोळ्याला चटकन जाणवत नाही, टेपला जाणवतो.

खरवडायला बसलाच आहात तर तारेचा ब्रश भोपळ्याच्या खालच्या आणि बाजूच्या फासळ्यांवरूनही फिरवा. बहुतेक डेना ॲक्सलच्या ओतीव लोखंडातच '३०', '४४' किंवा '६०' असा उठावदार आकडा असतो. तो सापडला की निम्मी लढाई जिंकली. आणखी एक आकडा नळीवर ठोकलेला असतो: सहा अंकांचा, त्यापुढे आडवी रेघ आणि एक-दोन अंक. ही त्या ॲक्सलची जन्मपत्रिका. ज्या सुट्या भागांपासून तो ॲक्सल जुळवला, त्या संपूर्ण यादीचा तो क्रमांक असतो. तो नीट वाचता आला तर डेनाच्या याद्यांवरून गाडी, गिअरचं प्रमाण (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे), आतले भाग सगळं कळतं. पण हे अंक उथळ ठोकलेले असतात आणि गंजाला पहिला बळी तेच पडतात. खडू घासून पाहा, बॅटरीचा उजेड तिरपा टाका, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मी तर म्हणेन, नंबर एकदा वाचता आला की तो लगेच वहीत लिहा. पुढच्या पावसाळ्यानंतर तो दिसेलच असं नाही.

चाकाचे नट काय सांगतात, काय लपवतात

विकणारा माणूस हमखास सांगतो, "आठ नटांचं चाक आहे साहेब, म्हणजे डेना सिक्स्टीच." हे ऐकून पैसे काढू नका.

चाकाच्या नटांची संख्या गाडीच्या वजनाचा वर्ग सांगते, ॲक्सलचं नाव नाही. फोर्ड आणि डॉजच्या अर्ध्या टनाच्या गाड्यांना पाच नट असत, ज्या वर्तुळावर ते बसतात त्याचा व्यास साडेपाच इंच. जनरल मोटर्सच्या अर्ध्या टनाच्या गाड्यांना सहा नट, वर्तुळ तेच साडेपाच इंचांचं. पाऊण आणि एक टनाच्या गाड्यांना तिन्ही कंपन्यांकडे आठ नट आणि साडेसहा इंचांचं वर्तुळ. पण शेव्हरोलेच्या पाऊण टनाच्या के-२० ला पुढे आठ नट आणि आत डेना ४४ किंवा टेन-बोल्ट असायचा. मधला भोपळा तोच, फक्त टोकाला मोठे हब आणि मोठे ब्रेक. जत्रेत बाहुबलीचा मुखवटा घालून हिंडणाऱ्या बारक्या पोरासारखं.

म्हणून आठ नट दिसले की पुढची पायरी नकलची. चाकाच्या मागे, वरच्या बाजूला पाहा. डेना ६० च्या जुन्या पुढच्या ॲक्सलमध्ये नकल किंगपिनवर फिरते. वर चार बोल्टांनी बसवलेली टोपी असते, तिच्या आत स्प्रिंग, आणि खाली निमुळतं रोलर बेअरिंग. डेना ४४ आणि टेन-बोल्टच्या उघड्या नकलमध्ये त्याऐवजी वर-खाली दोन बॉल जॉइंट असतात. वरून पाहिलं तर टोपीऐवजी एक मोठा नट दिसतो. डाव्या बाजूला स्टिअरिंगचा हात नकलच्या डोक्यावर बसवलेला असू शकतो आणि गोंधळ होतो, म्हणून हे नेहमी उजवीकडे पाहावं.

यालाही एक अपवाद आहे. १९६० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या गाड्यांत बंद नकल असायची: शाफ्टचा जॉइंट दिसतच नाही, त्याच्याभोवती गुळगुळीत लोखंडी गोळा आणि त्यावर पुसणारं सील, आत वंगण. आपल्या जुन्या जीपला हेच असतं. अशा बंद नकललाही वर टोपी असते, मग ॲक्सल लहान असला तरी. त्यामुळे नियम असा: आधी नकल उघडी की बंद ते पाहायचं, आणि उघडी असेल तरच वरच्या चार बोल्टांवरून ६० चा निष्कर्ष काढायचा. फोर्डने १९९२ पासून डेना ६० लाही बॉल जॉइंट दिले, म्हणजे तिथून पुढे ही खूणही संपली. जुन्या गाड्यांच्या जगात हे असंच चालतं. प्रत्येक नियमाला एक साल चिकटलेलं असतं.

डावं-उजवं

भोपळा ॲक्सलच्या बरोबर मध्ये नसतो, कारण मध्ये इंजिनाचं तेलाचं पात्र असतं. तो एका बाजूला सरकवलेला असतो आणि कोणत्या बाजूला, ते ट्रान्स्फर केसमधून पुढचा शाफ्ट कुठल्या बाजूने निघतो त्यावर ठरतं. अमेरिकन लोक 'ड्रायव्हर साइड' आणि 'पॅसेंजर साइड' म्हणतात. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाने ते वाचलं की ॲक्सल उलटा मागवायची पाळी येते. मी इथे डावं-उजवं म्हणतो ते गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं.

शेव्हरोले-जीएमसीच्या १९७३ ते १९८७ च्या सलग ॲक्सलच्या, म्हणजे एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत एकच दांडा असलेल्या, पिकअपमध्ये भोपळा उजवीकडे. डॉजच्या १९७२ ते १९९३ च्या गाड्यांतही उजवीकडे. फोर्डच्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या गाड्यांत डावीकडे. एवढी एक गोष्ट पाठ असली तरी भंगाराच्या आवारात कुणी 'शेव्हीचा डेना सिक्स्टी' म्हणून डावीकडे भोपळा असलेला ॲक्सल दाखवला, तर तो बहुधा फोर्डचा आहे हे उमगतं. लबाडीच असेल असं नाही. सांगणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं.

फोर्डचा आणखी एक विशेष. प्रॉपेलर शाफ्ट भोपळ्यात कुठल्या उंचीवर शिरतो ते पाहा. शेव्हरोले आणि डॉजमध्ये तो नळ्यांच्या मध्यरेषेच्या खाली शिरतो. फोर्डच्या १९७८-७९ च्या एफ-१५० आणि ब्रॉन्कोच्या डेना ४४ मध्ये आणि पुढच्या डेना ६० मध्ये तो मध्यरेषेच्या वर शिरतो. याला उंच पिनियन म्हणतात. यात प्रॉपेलर शाफ्ट दगड-खोडांपासून वर राहतो, आणि पुढच्या ॲक्सलमध्ये गिअरचे दात ज्या बाजूने जास्त ताकद सोसतात त्याच बाजूवर जोर येतो, म्हणून शौकीन लोक यासाठी जास्त पैसे मोजतात. पण लक्षात ठेवा, उंच पिनियनचे गिअर उलट्या पिळाचे असतात. साध्या डेना ४४ चा क्राऊन-पिनियन जोड त्यात बसत नाही. दुकानदाराला नुसतं 'डेना ४४' सांगितलंत तर तो साधाच देईल, आणि चूक कळेल ती सगळं खोलून झाल्यावर.

दोन तुकड्यांचा फोर्ड आणि इतर वेगळे पाहुणे

१९८० मध्ये फोर्डने सलग ॲक्सल सोडून 'ट्विन ट्रॅक्शन बीम' नावाची रचना आणली. समोरून वाकून पाहिलं की लगेच ओळखू येते: एका सरळ दांड्याऐवजी दोन जाड बीम, एकमेकांना ओलांडणारे, प्रत्येकाचा खुंटा गाडीच्या विरुद्ध बाजूला. भोपळा डाव्या बीममध्ये आणि उजवीकडे जाणाऱ्या शाफ्टला मध्येच एक जादा क्रॉस. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसरं फारसं हलत नाही, म्हणून रस्त्यावर गाडी आरामात चालते. पण चाकं वर-खाली झाली की त्यांचा कल बदलतो आणि टायर एका कडेने झिजतात. एफ-१५० ला हा प्रकार १९९६ पर्यंत होता.

घोटाळा असा की याच्याही आत डेना ४४ च आहे, जड गाड्यांत डेना ५०. लोखंडावर '४४' हा आकडाही सापडतो. पण सलग डेना ४४ शी त्याचं फक्त आडनाव जुळतं. वेगळं झाकणच नाही. गिअरचा डबा थेट बीमला बोल्टांनी बसतो. तेव्हा '४४' वाचून खूश होण्याआधी नळी सलग आहे का, ते पाहा. एक टनाच्या एफ-३५० ला मात्र फोर्डने १९८५ च्या सुमारास सलग डेना ६० परत दिला, आणि म्हणूनच भंगारात त्या गाडीला एवढा मान.

डॉजने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वेगळीच युक्ती केली. लांब बाजूच्या शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये व्हॅक्यूमवर चालणारी जोडणी बसवली. फोर व्हील ड्राइव्ह लावला की तुकडे जोडले जातात. लांब नळीवर एक चौकोनी फुगवटा आणि त्याला जाणाऱ्या रबरी नळ्या दिसल्या की हाच तो. आत डेना ४४ किंवा ६० असू शकतो, त्यामुळे बाकीची ओळखपरेड करावीच लागते.

टोयोटाच्या १९७९ ते १९८५ च्या पिकअपचा पुढचा ॲक्सल मात्र वेगळ्या गोत्राचा. समोरून झाकण उघडता येत नाही; भोपळ्याचा गिअरवाला भाग मागून, प्रॉपेलर शाफ्टच्या बाजूने, सगळाच्या सगळा सुटतो. नकल बंद, आत क्रॉसऐवजी गोळ्यांचा सीव्ही जॉइंट, चाकाला सहा नट. १९८६ पासून टोयोटाने तो सलग ॲक्सल काढून टाकला. अमेरिकेत आजही त्या सात वर्षांच्या गाड्यांसाठी लोक आसुसलेले असतात.

लष्करी रंगाचा पुरावा

वरच्या सगळ्या खुणा का लागतात, हे एका उदाहरणात दिसतं. १९८४ पासून अमेरिकन लष्कराने साध्या शेव्हरोले गाड्या मोठ्या संख्येने घेतल्या. पिकअपचं नाव एम-१००८, ब्लेझरचं एम-१००९. दोघांना तोच हिरवट-काळा रंग, तेच डिझेल इंजिन, तेच चोवीस व्होल्टचं लचांड. पण एम-१००८ च्या पुढे किंगपिनचा डेना ६० आहे आणि गिअरचं प्रमाण ४.५६; एम-१००९ च्या पुढे टेन-बोल्ट आणि प्रमाण ३.०८. एक ताशी ९० किलोमीटरला इंजिन ओरडायला लावते, दुसरी निवांत धावते. लष्कराने या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा कित्येक पिकअप फक्त त्या डेना ६० साठी विकत घेतल्या गेल्या, ॲक्सल काढून घेतला आणि सांगाडा भंगारात गेला. तेव्हा आज एखाद्याच्या परसात लष्करी रंगाची पिकअप दिसली, तर तिच्या पुढे अजून ६० असेलच असं धरून चालू नये.

टेन-बोल्ट आणि डेना ४४ यांत कोण सरस, यावर तिकडे लोक हमरीतुमरीवर येतात. दोघांचं क्राऊन व्हील साडेआठ इंचांचंच. शाफ्टच्या आतल्या टोकाला डेना ४४ मध्ये ३० खाचा, टेन-बोल्टमध्ये २८. शेव्हरोलेमध्ये नकलपासून बाहेरचे बरेचसे भाग दोघांत सारखेच. कामावर जाणाऱ्या, अधूनमधून चिखलात शिरणाऱ्या गाडीसाठी हा वाद रिकामटेकडा आहे. डेना ६० ची गोष्ट वेगळी. त्याच्या किंगपिनच्या काळातल्या शाफ्टला ३५ खाचा आणि दीड इंच जाडी. तिथे फरक खरोखर आहे.

प्रमाण मोजणं

ॲक्सल ओळखला, पण आतले गिअर कोणते? हे कळल्याशिवाय ॲक्सल बदलण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं प्रमाण जुळावं लागतं. मागे ४.१० आणि पुढे ३.७३ असेल तर फोर व्हील ड्राइव्हमध्ये मागचा शाफ्ट पुढच्यापेक्षा जवळजवळ दहा टक्के जास्त फिरायला बघतो. चिखलात चाकं घसरून हिशेब भागतो. कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटतं. अगदी बारीक फरक मात्र चालतो: फोर्डने मागे ३.५० आणि पुढे ३.५४ असे जोड कारखान्यातूनच दिले.

झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर प्रमाण लिहिलेलं असतं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समधल्या कागदावर सांकेतिक अक्षरं असतात. जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०, एचसी४ म्हणजे ४.५६. पण पट्टी दुसऱ्याच ॲक्सलची लावलेली असू शकते आणि कागद ॲक्सल बदलल्यावर बदलत नाही. झाकण उघडलंच तर क्राऊन व्हीलच्या कडेवर दातांचे आकडे ठोकलेले दिसतात: ४१ आणि १० असतील तर ४.१०, ४१ आणि ११ असतील तर ३.७३, ४१ आणि ९ असतील तर ४.५६.

झाकण न उघडता मोजायचं असेल तर असं करा. गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, ट्रान्स्फर केस टू व्हील ड्राइव्हमध्ये ठेवा म्हणजे पुढचा प्रॉपेलर शाफ्ट मोकळा राहतो. दोन्ही पुढचे हब 'लॉक' करा. हे फिरवायचे हब विसरलात तर चाक फिरेल आणि शाफ्ट जागेवरच बसेल. वॉर्न कंपनीने १९४८ पासून असे हब जीपसाठी विकायला सुरुवात केली तीच मुळी रस्त्यावर पुढचा ॲक्सल उगाच फिरू नये म्हणून. डॉजच्या व्हॅक्यूमवाल्या ॲक्सलमध्ये ती जोडणी बसलेली असली पाहिजे, नाहीतर मोजमाप हमखास चुकतं. आता एकच पुढचं चाक जॅकने उचला आणि घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग आत घालू नका. टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने रेघ ओढा.

उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दोन का? दुसरं चाक जमिनीवर खिळलेलं असल्यामुळे डिफरन्शियल सगळी फिरत एकाच चाकाला देतं. क्राऊन व्हीलचा एक फेरा म्हणजे त्या चाकाचे दोन. शाफ्ट चार फेरे आणि वर थोडासा फिरला तर ४.१० च्या आसपास, साडेतीनच्या जरा पुढे गेला तर ३.५४, पावणेचारला टेकला तर ३.७३. घाई झाली की ३.५४ आणि ३.७३ मध्ये गल्लत होते, म्हणून चाक वीस फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे दहाने भागा. दहापट मोजलं की चूक दहावा भाग उरते.

हे प्रमाण आणखी एका कारणासाठी हवं. डेना ४४ मध्ये ३.७३ पर्यंतच्या आणि ३.९२ पासून पुढच्या गिअरना आतला पिंजरा, म्हणजे क्राऊन ज्यावर बसतो तो भाग, वेगवेगळा लागतो. पिनियनची जाडी बदलते आणि क्राऊनला पुढे-मागे सरकावं लागतं. डेना ६० मध्ये ही सीमा ४.१० आणि ४.५६ यांच्या मध्ये आहे. म्हणजे ३.५४ चा डेना ४४ स्वस्तात घेऊन त्यात ४.१० चे गिअर घालू म्हणणाऱ्याला पिंजऱ्याचाही खर्च धरावा लागतो, आणि तो धरायला लोक नेमके विसरतात.

मोजणी झाली की नळीवरचा नंबर, बाजू, नकलचा प्रकार आणि प्रमाण एका कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाका, घोडी काढा, आणि चाक खाली उतरल्यावर दोन्ही हब पुन्हा 'फ्री' वर फिरवा.